पांढऱ्या पडलेल्या मुलांचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे कोल्हापूरच्या श्रोत्यांना पन्हाळा आठवतो, ताराराणी आठवतात, शाहू महाराज आठवतात. या व्यासपीठावरून त्या विषयांवर बोलणारी विद्वान माणसे दरवर्षी येतात व मीही त्यांना ऐकण्यासाठी मागच्या रांगेत बसत आलो आहे. मी स्वतः विद्वान नाही, डॉक्टर तर नाहीच. कामगारांच्या पगारपत्रकांत आणि कोर्टाच्या तारखांत माझे आयुष्य गेले. तेव्हा 'लहान मुलांचे रक्त आणि गहू' असा विषय मी का निवडला, हे प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी शिरोलीच्या बाजूच्या एका फौंड्रीतला एक मोल्डर युनियनच्या कचेरीत आला. त्याच्या हातात कागदांची जाड फाईल होती. ती ना नोटिशीची होती, ना ग्रॅच्युइटीची. त्याच्या चार वर्षांच्या मुलीचे ते कागद होते. मुलगी पांढरीफटक, चिडचिडी, वयाच्या मानाने बुटकी. भिंतीचे पोपडे आणि अंगणातली माती खाई. रक्त तपासले म्हणजे हिमोग्लोबिन सहा-सातच्या घरात निघे. लोहाचे औषध सुरू होई, काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, पुन्हा तोच आकडा. जंताची औषधे झाली. "औषध नीट पाजत नाही" म्हणून तिच्या आईला दवाखान्यात चार माणसांत बोलणी बसली. बाई घरी येऊन रडली. वास्तविक ती बिचारी घड्याळ लावून औषध पाजीत होती. हा गडी माझ्याकडे आला तो रजेच्या अर्जासाठी. मुलीला पुण्याला न्यावयाचे होते. पुण्याला तिचा रोग सापडला. रोगाचे नाव सीलियाक. त्याचे कारण गहू.

रजा मिळाली, ते काम सोपे होते. पण "पोळी खाल्ल्याने रक्त कसे कमी होईल, साहेब?" हा त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मिळेल ते वाचत गेलो, ज्यांना कळते त्यांना विचारत गेलो, आणि त्या शोधात मी शेवटी येऊन पोहोचलो तो मुंबईच्या गिरणगावात! माझ्याच घरात, म्हणावे लागेल. म्हणून हे व्याख्यान.

आतड्याचा रोग आणि रक्ताचा रोग यांचे काही नाते आहे, ही जाणीव फार जुनी आहे. आपल्याकडे जुनाट अतिसाराने माणूस खंगत गेला म्हणजे 'संग्रहणी' म्हणत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीचा अध्याय पंधरावा आहे आणि लगेच सोळावा अध्याय पांडुरोगाचा. यावरून चरकाला सर्व काही ठाऊक होते, असा अर्थ काढणाऱ्यांपैकी मी नव्हे. तथापि ज्याची ग्रहणी बिघडली तो पांढरा पडतो, एवढे जुन्या वैद्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, असे म्हणावयास हरकत नाही. पश्चिमेकडे कॅपाडोशियाच्या आरेटियस नावाच्या ग्रीक वैद्याने पोटाच्या अशाच जुनाट विकाराचे वर्णन केले. पोटाला ग्रीक भाषेत 'कोइलिया' म्हणतात. त्यावरूनच पुढे सीलियाक हे नाव आले.

लहान मुलांतल्या या रोगाचे पहिले नीट वर्णन लंडनच्या सॅम्युएल गी याचे. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या इस्पितळात त्याने १८८७ साली व्याख्यान दिले व १८८८ साली ते छापून प्रसिद्ध झाले. कोणत्याही वयात हा रोग होतो, परंतु एक ते पाच वर्षांच्या मुलांत तो विशेष दिसतो, असे त्याने नोंदवले. फुगलेले पोट, वाळलेले हातपाय, मोठा व फिकट मळ ही लक्षणे तर त्याने सांगितलीच. पण त्याबरोबर शरीरात रक्त तयार होण्याच्या कामातच काही बिघाड असतो आणि म्हणून ही मुले पांढरी व सुजट दिसतात, असेही सांगितले. म्हणजे रक्ताचे लक्षण हे काही मागाहून चिकटवलेले नाही, पहिल्याच वर्णनात ते आहे. रोग बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल, हेही त्याने ओळखले. पिष्टमय पदार्थ कमी द्यावेत असे सांगितले आणि त्याच यादीत पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पावाला मात्र परवानगी दिली! चोर घरात शिरताना पाहिला आणि त्यालाच पाटावर बसवला, अशातला हा प्रकार झाला. गव्हाचे नाव पुढे आणखी साठ वर्षे कोणाच्या निश्चित ध्यानी आले नाही. १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुरू केला व त्याने पुष्कळ मुले सुधारली. श्रेय केळ्याला मिळाले. वास्तविक केळी खाणाऱ्या मुलाच्या ताटातून पाव गेला होता, हे त्यामागचे खरे कारण.

ज्या वर्षी गीचा लेख छापला गेला त्याच १८८८ सालच्या मे महिन्यात इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ एक मुलगी जन्मली. तिचे नाव ल्यूसी विल्स. केंब्रिजला तिने वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकले, पुढे स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून १९२० साली ती डॉक्टर झाली. १९२८ साली ती मुंबईस आली.

१९२८ साल! श्रोतेहो, आमच्या चळवळीतल्या माणसाला हे साल सांगावे लागत नाही. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने मुंबईच्या कापड गिरण्या बंद होत्या. दीड लाखांवर कामगार संपावर होते. त्यांत रत्नागिरीचे होते, साताऱ्याचे होते, आपल्या घाटावरचे होते. गिरणी कामगार युनियनचा जन्म त्याच संपातला. त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी यासाठीच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा झाला. हिंदुस्थानातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत काम करणाऱ्या बाया गरोदरपणी किती मरतात हा प्रश्न त्या काळी चव्हाट्यावर आला होता. परळच्या हाफकिन संस्थेत बसून ल्यूसी विल्स जो प्रश्न सोडवीत होती तोही हाच, दुसऱ्या बाजूने धरलेला.

मुंबईत गरोदर स्त्रियांना एक भयंकर रक्तक्षय होत असे. रक्तातल्या लाल पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या व बेढब. पाश्चात्त्य देशांत अशा मोठ्या पेशींच्या पांडुरोगावर १९२६पासून यकृताचा उपाय निघाला होता. मुंबईतील रोग दिसावयास तसाच, पण तो तरुण बायांना होई, गरोदरपणी होई, आणि गरिबांना होई. ल्यूसी विल्स हिने डॉ. मेहता व डॉ. तळपदे या येथील सहकाऱ्यांबरोबर काम चालवले. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक होताच. परंतु तिने व डॉ. तळपदे यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि मला तिचे मोल फार वाटते. मुंबईच्या निरनिराळ्या थरांतील बाया काय खातात आणि कशा राहतात, याची त्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली. आज पुष्कळ पुस्तकांत 'ल्यूसी विल्स हिने गिरणी कामगार स्त्रियांवर संशोधन केले' एवढेच वाक्य असते. त्या पाहणीत सर्वांत जास्त रोग आढळला तो गरीब मुसलमान स्त्रियांत, ज्यांच्या ताटात फळे नव्हती, भाजीपाला नव्हता, कसदार असे फारच थोडे होते. सुखवस्तू घरांत हा रोग क्वचितच दिसला.

मग हाच गरिबांचा आहार तिने उंदरांना घातला, पुढे माकडांना घातला. माकडे पांढरी पडली. आणि एका ओशट, खारट, काळ्या पदार्थाने ती बरी झाली. तो पदार्थ म्हणजे मार्माइट. इंग्लंडात बिअर गाळून झाल्यावर खाली राहणाऱ्या यीस्टच्या गाळापासून तो करतात व पावाला लावून खातात. स्वस्त वस्तू. १९३१ साली तिने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जाहीर केले की मुंबईच्या बाया यीस्टच्या या अर्काने बऱ्या होतात. त्यातले नेमके द्रव्य कोणते, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते, म्हणून पुष्कळ वर्षे त्याला 'विल्स घटक' म्हणत. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले आणि पानाला लॅटिन भाषेत फोलियम म्हणतात म्हणून त्याला फोलिक अ‍ॅसिड असे नाव दिले. १९४५ साली ते कृत्रिम रीतीने तयार झाले ते लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत. आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज गावोगावच्या आरोग्यकेंद्रात गरोदर स्त्रीला लोहाबरोबर ही गोळी मिळते. गिरणगावातल्या ज्या बायांच्या बोटाचे रक्त त्या काचपट्टीवर गेले, त्यांच्यापैकी एकीचेही नाव आपल्याला माहीत नाही.

आता कोणी म्हणेल, गरोदर बाया आणि गव्हाने आजारी पडणारी मुले, यांचा संबंध काय? तो लगेच पुढच्याच वर्षी जुळला. १९३२ साली लंडनच्या इस्पितळात जॅनेट व्हॉन व डोनाल्ड हंटर या दोन डॉक्टरांनी सीलियाक रोग्यांतील मोठ्या पेशींच्या रक्तक्षयावर मार्माइट देऊन पाहिले आणि 'लॅन्सेट'मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रक्त सुधारले! मुंबईच्या गरीब बाईच्या रक्तात जे कमी होते तेच लंडनच्या सीलियाक रोग्याच्या रक्तातही कमी होते. एकीच्या ताटातच ते नव्हते. दुसऱ्याच्या ताटात होते, पण आतड्यातून आत जात नव्हते. हे डोनाल्ड हंटर म्हणजे तेच, ज्यांचा धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवरचा मोठा ग्रंथ १९५५ साली निघाला. शिसे, पारा, सिलिका, कापसाची धूळ यांची नुकसानभरपाई मागताना त्या ग्रंथाचा आधार जगभरच्या कामगार संघटनांनी घेतला आहे. त्यांचे नाव या कागदांत पाहिले तेव्हा ओळखीचा माणूस परक्या गावी भेटावा तसे मला झाले.

या उपचारात एक गंमत होती, तीही सांगून टाकतो. मार्माइट बिअरच्या यीस्टपासून होते आणि बिअर जवापासून. जवातही रोगाला कारण होणारे द्रव्य असते व मार्माइटमध्ये त्याचा अंश उतरतो. म्हणजे ज्या औषधाने रक्त सुधारत होते त्यातच विषाचाही थोडा अंश होता! आणि पाव तर चालूच होता. रक्त सुधारे, आतडे मात्र जळतच राही.

गव्हावर बोट ठेवले ते हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडची अन्नकोंडी केली. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. पाव नाहीसा झाला, आणि आश्चर्य असे की इस्पितळातली सीलियाक मुले सुधारू लागली. दोस्तांचा पाव आला तेव्हा ती पुन्हा आजारी पडली. ही गोष्ट फार रंगवून सांगतात, जणू विमानातून पाव पडला आणि शोध लागला. ते तितकेसे बरोबर नाही. हेगच्या मुलांच्या इस्पितळात युद्धापूर्वीपासूनच डिके गहू वगळून पाहत होता व १९४१ साली त्याने त्याविषयी लिहिलेही होते. उपासमारीने त्याचा संशय पक्का केला एवढेच. १९५० साली त्याने आपला प्रबंध सादर केला. व्हान डे कामर व वेयर्स या सहकाऱ्यांबरोबर मळातील स्निग्धांश मोजून गहू दिला की तो वाढतो, बंद केला की कमी होतो, हे त्याने आकड्यांनी दाखवले. नंतर बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी १९५२ साली दाखवले की दोष गव्हाच्या पिठूळ भागात नसून चिकट भागात आहे. या चिकट भागाला ग्लूटेन म्हणतात. पुरणपोळीची कणीक आपण तिंबतो तेव्हा तिला जो लवचीकपणा येतो, ज्यामुळे पोळी पुरण धरते आणि फाटत नाही, तो याच ग्लूटेनचा. ज्वारीच्या पिठात ते नाही, म्हणून भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. आमच्या घरातल्या बायकांना हा फरक हाताने ठाऊक होता. त्याला नाव नव्हते.

आता त्या मोल्डरच्या प्रश्नाकडे येतो. पोळी खाल्ल्याने रक्त कसे कमी होते?

इचलकरंजी-सोलापूरकडची माणसे येथे असतील, त्यांना टॉवेलचे उदाहरण लगेच पटेल. टॉवेलाच्या अंगावर सुताचे उभे फासे असतात, म्हणून तो पाणी टिपतो. फासे झिजून गेले की उरते ते नुसते मांजरपाट. त्याने अंग पुसले तरी पाणी तसेच राहते. लहान आतड्याच्या अस्तरावर असेच बारीक केसाळ उंचवटे असतात. ज्या मुलाच्या प्रकृतीत हा दोष जन्मतः आहे, त्याच्या शरीरातील संरक्षक पेशी ग्लूटेनला शत्रू समजून लढावयास उठतात आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्याचे हे फासे कापून काढतात. १९५४ साली इंग्लंडात पॉली याने शस्त्रक्रियेत मिळालेल्या तुकड्यांवर ही झीज दाखवली. पोट न फाडता असा तुकडा काढण्याची जी गिळावयाची डबी १९५७ साली निघाली, ती करणारा विल्यम क्रॉस्बी हा अमेरिकन लष्करातला रक्तरोगांचा अभ्यासक होता. रक्ताचे कोडे सोडविणाऱ्याला शेवटी आतड्यात शिरावे लागले!

झीज वरून सुरू होते, आणि लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात. म्हणून पहिला फटका लोहाला. मुलाला जुलाब नसतील, पोट फुगलेले नसेल, नुसते रक्त कमी असेल. आणि तोंडाने दिलेले लोह कितीही पाजले तरी लागणार नाही, कारण ते ज्या दाराने आत जावयाचे ते दारच बंद झालेले असते. त्या मुलीच्या आईवर ठेवलेला आरोप किती अन्यायाचा होता, हे यावरून ध्यानात यावे. माती खाण्याची ओढ हेही लोह कमी पडल्याचेच लक्षण. लोहानंतर फोलिक अ‍ॅसिडचा क्रम, त्याचे शोषणही वरच्याच भागात होते. लोह कमी पडले की पेशी लहान होतात, फोलिक अ‍ॅसिड कमी पडले की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असले तर सरासरी आकार कधी कधी साधारण निघतो आणि कागदावरचा आकडा पाहणाऱ्याची फसगत होते.

याहून चमत्कारिक लक्षणे आहेत. ती विरळा असली तरी ठाऊक असावीत. एखाद्या मुलाच्या अंगावर लागल्याशिवाय काळेनिळे डाग उठतात, नाकातून रक्त येते ते थांबत नाही. घरचे घाबरतात, बाहेरची बाधा म्हणतात, दवाखान्यात कोणाच्या मनात रक्ताचा कर्करोग येतो. पण रक्त गोठण्यास 'के' नावाचे जीवनसत्त्व लागते, ते स्निग्ध पदार्थांबरोबरच आत शिरते, आणि या मुलांना स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. या जीवनसत्त्वाचा शोध कोपनहेगनच्या हेन्रिक डाम याचा. गोठण्याच्या क्रियेला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्याचे 'के' हे आद्याक्षर. १९४३ सालचे नोबेल पारितोषिक त्याला व डॉइझी याला मिळाले. ते जीवनसत्त्व सुईने दिले की अशा मुलाचे रक्त गोठू लागते.

रक्तातल्या बिंबाणूंचे, म्हणजे प्लेटलेटांचे तसेच. बहुधा या रोगात त्यांची संख्या वाढलेली दिसते, लोहाची उणीव हे त्याचे एक कारण. क्वचित उलट ती घटलेलीही दिसते. पांढऱ्या पेशी काही मुलांत कमी होतात. आणि पाणथरी, जिला पुस्तकात प्लीहा म्हणतात, ती काही रोग्यांत आक्रसून निकामी होते. पाणथरीचे एक काम म्हणजे लाल पेशींत राहून गेलेला कचरा वेचून काढणे, रीळ खात्यातल्या बाईने सुतातली गाठ काढावी तसे. ते काम थांबले म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत काळा ठिपका दिसतो. लहान मुलांत हे कमी, कारण पाणथरी आक्रसण्यास रोग जुना व्हावा लागतो. पण तो ठिपका पाहून सीलियाकचा संशय घेणारा तंत्रज्ञ असेल तर पुष्कळ वर्षे वाचतात. १९७१ साली लेन व हॅमिल्टन यांनी याहूनही विचित्र गोष्ट नोंदवली: फुप्फुसात आतल्या आत रक्त झिरपणे आणि सीलियाक ही दोन्ही एकाच रोग्यात. अशा मुलाला खोकला येतो, कधी रक्त पडते, रक्तक्षय होतो, आणि आपल्याकडे प्रथम क्षयाचेच औषध सुरू होण्याचा संभव फार. अशा काही मुलांत गहू बंद केल्यावर फुप्फुसातला रक्तस्रावही थांबलेला आहे.

येथे कोणी विचारील, की हा गोऱ्यांचा रोग, आपला याच्याशी संबंध किती? डॉक्टर मंडळीही पुष्कळ वर्षे असेच समजत होती. १९६६ साली दिल्लीचे डॉ. वालिया, डॉ. घई व त्यांचे सहकारी यांनी उत्तर हिंदुस्थानातील मुलांत हा रोग असल्याचे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. १९७३ साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी तेथे स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांतील मुलांत तो दाखवला. १९९७ साली बर्लिनमध्ये शरीर नेमक्या कोणत्या द्रव्याविरुद्ध लढते ते सापडले व त्यावरून साधी रक्ताची तपासणी निघाली. मग लोक मोजू लागले. पंजाबात शाळकरी मुलांच्या पाहणीत, जी २००६ साली प्रसिद्ध झाली, ३१० मुलांमागे एक रोगी निघाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांतले प्रमाण उत्तरेत शेकडा एकाच्या आसपास, ईशान्येत त्याहून थोडे कमी आणि दक्षिणेत हजारी एक असे आले. महाराष्ट्र त्या तीन भागांत नव्हता. आपण मध्ये राहतो, ताटानेही मध्येच.

कारण आमच्या ताटाचा इतिहास पाहा. माझ्या आजीच्या वेळी कोल्हापूरच्या खेड्यात रोजचे अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी, नाहीतर भात. गहू सणाला, पाहुण्याला, बाळंतिणीला. १९५६च्या करारानंतर अमेरिकेचा पी. एल. ४८० चा गहू रेशनवर येऊ लागला. १९६६च्या दुष्काळात देशाने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले, त्यात गहू मुख्य होता. पुढे हरित क्रांती झाली आणि आपलाच गहू भरपूर झाला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो दोन रुपये किलो झाला व २०२३पासून फुकट. यात वाईट काही नाही. भुकेल्याला धान्य मिळावे म्हणून आम्ही मोर्चे काढले आहेत, आणि बाकीच्या मुलांना गव्हाने काहीही होत नाही, ही गोष्ट मी ठासून सांगतो. हल्ली 'गहू विष आहे' असे सरसकट सांगणारे निघाले आहेत, त्यांच्या नादी लागू नये. माझे म्हणणे एवढेच, की ज्या मुलाला तो सोसत नाही, त्याला आज तो सकाळच्या चहातल्या बिस्किटापासून रात्रीच्या चपातीपर्यंत सोडीत नाही. तो दोष आजीच्या वेळच्या मुलांतही असेल. भाकरीने तो झाकून ठेवला असेल.

आणि तो सापडणे कठीण का, याचे कारण आकड्यातच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा जवळजवळ ६९ मुलांत रक्त कमी आहे. बहुतेकांचे कारण साधे आहे: पोटाला पुरत नाही, जंत आहेत, आईचेच रक्त कमी होते. काहींना थॅलसेमिया असतो, विदर्भात सिकलसेल असतो. जिथे दहांतली सात मुले पांढरी, तिथे निराळ्या कारणाने पांढरे पडलेले आठवे मूल कोणाच्या नजरेस यावे? विलायतेत पांढरे मूल वेगळे दिसते. आमच्याकडे ते गर्दीत मिसळून जाते, आणि त्याच्या आईला सांगितले जाते की तू औषध नीट पाजत नाहीस. दोन-तीन महिने लोह नीट दिल्यावरही ज्याचे रक्त हलत नाही, त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे, असे आता बालरोगतज्ज्ञ सांगतात. तपासणीआधीच घरच्या घरी गहू बंद करू नये, हेही ते तितक्याच आग्रहाने सांगतात. गहू थांबला की आतडे भरून येऊ लागते आणि तपासणीत काहीच सापडत नाही. काही मुलांच्या शरीरात ज्या प्रतिद्रव्यावर ही तपासणी चालते तेच मुळात कमी असते. त्यांची तपासणी निर्दोष येते व रोग तसाच राहतो, म्हणून तेही मोजून घ्यावे लागते.

त्या मोल्डरच्या मुलीचे पुढे काय झाले, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारणारच. गहू बंद झाला. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सातूचे पीठ बंद. कोणी सांगितले खपली जुना गहू आहे, तो चालेल; तोही चालत नाही, त्यातही ग्लूटेन आहेच. बाजारच्या हिंगातसुद्धा कणीक मिसळलेली असते, हे मला त्या घरात कळले. इतके करूनही पहिले तीन महिने रक्त पुरते वाढेना. पुण्याच्या डॉक्टरांनी बारकाईने विचारले तेव्हा लक्षात आले की ज्वारी दळली जाते ती गल्लीतल्या चक्कीवर, आणि तिच्याआधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो. पाटीत राहिलेले ते मूठभर पीठ भाकरीत येत होते. तेव्हा त्या बाईने चक्कीवाल्याशी बोलणे केले. दर रविवारी संध्याकाळी तो चक्की उघडून झाडून घेतो, आणि सोमवारी सकाळी सहाला, दुसऱ्या कोणाचाही डबा लागण्याआधी, तिची ज्वारी दळून देतो. त्याचे जास्त पैसे तो घेत नाही. मुलीचे हिमोग्लोबिन पुढच्या सहा महिन्यांत अकरावर गेले, आणि पोपडे गेलेल्या भिंतीला तिच्या बापाने दिवाळीला चुना दिला.